पेढ्याचा जास्तीचा दात

हसायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुम्ही हसणारच, मला माहीत आहे. पण निदान चहाचा घोट तोंडात असताना तरी हसू नका, उगाच माझ्या सोफ्याचं कव्हर धुवायला निघेल.

घोळ घालण्यात मी काही नवशिकी नाही. स्वराला शाळेच्या गॅदरिंगला परी बनवून, पंखबिंख लावून, एक दिवस आधीच नेणारी आई मीच. वॉचमन म्हणाला होता, "मॅडम, आज तो पीटीएम है." पण परवाचा घोळ त्या सगळ्यांचा बाप! त्यात कुत्रा आहे, मांजर आहे, उंदीर आहे, गावदेवी आहे. आणि अंजूरफाट्याकडच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे बसलेली सगळी जनता साक्षीला आहे.

तर पेढा. म्हणजे आमचा कुत्रा. पॉमेरेनियन, रंग अगदी खरपूस पेढ्यासारखा, आणि स्वभाव असा की घरात सगळ्यांत जास्त हक्क आपलाच. आम्ही टेमघरला राहतो: मी, नवरा संदेश, सहा वर्षांची स्वरा आणि माझ्या सासूबाई. पेढा घरात आला त्या दिवशी सासूबाईंनी पदर खोचून जाहीर केलं होतं, "कुत्रा पालायचा त पूर्ण्याला गोदामावं बांधा. माज्या घरान न्हाय!" पुढच्याच आठवड्यात भाकरीचा पहिला तुकडा त्याच्या ताटलीत पडायला लागला. विचारलं तर म्हणायच्या, "मना काय त्याचा? तुकडा जास्तीचा झाला म्हनून टाकला."

लसीकरणाला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पेढ्याचा ओठ वर उचलला आणि म्हणाले, "हं."

डॉक्टर "हं" म्हणाले की माझं काय होतं, हे ज्या आया आहेत त्यांना सांगायला नको.

"काय झालं डॉक्टर?"

"दुधाचा सुळा पडला नाहीये. वरचा, डावीकडचा. त्याच्या शेजारीच नवा आलाय बघा. एका जागेत दोन दात."

"म्हणजे… जास्तीचा?"

"जास्तीचाच. लहान जातीच्या कुत्र्यांत होतं असं. मध्ये अन्न अडकतं, हिरड्या खराब होतात, नवा दात वाकडा येतो. थोडे दिवस वाट बघू. आपोआप पडला तर ठीक, नाहीतर शनिवारी भूल देऊन काढून टाकू. तुम्ही मात्र ओढायचा नाही हं. मूळ लांब असतं, तुटून आत राहतं."

पुढचं मी काही ऐकलंच नाही. माझ्या कानात एकच शब्द घुमत होता: भूल. अहो, एवढासा जीव! थंडीत स्वेटर घालावा लागतो त्याला. त्याला भूल देणार? आणि तो उठलाच नाही तर?

घरी येऊन इंटरनेटवर शोधलं. शोधू नये, हे मला कळतं. मी बीएस्सी आहे, बॉटनीची. पण बॉटनीचा उपयोग काय, झाडांना दात असतात का? तासाभरात मी अशा अवस्थेला पोचले की पेढा जांभई देत होता आणि मी रडत होते.

सासूबाईंनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. त्यांचं पीठ मळणं थांबलं.

"भूल देनार? नि तो उठला न्हाय म्हंजे?"

"तेच ना आई!"

"मना काय त्याचा," असं म्हणून त्यांनी पिठाचा हात धुतला, देव्हाऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि गावदेवीला पाच नारळ बोलल्या. कुत्र्याचा दात आपोआप पडू दे आणि ऑपरेशन टळू दे म्हणून.

देवीचं काम देवीकडे. मी विज्ञानाची बाजू सांभाळली. पेढ्याला चघळायला गाजरं सुरू केली. चघळून चघळून दात हलेल, हलून हलून पडेल. बॉटनी अशी कामाला आली! आणि रोज संध्याकाळी त्याला मांडीत घेऊन, त्याची पाठ माझ्या पोटाला टेकवून, मोबाइलचा टॉर्च तोंडात. दात तसेच. दोन. एकमेकांना खेटून, शेअर रिक्षातल्या पुढच्या सीटवर बसल्यासारखे.

अशाच एका टॉर्चच्या वेळी स्वरा शेजारी येऊन उभी राहिली होती. "आई, बघ ना…"

"थांब गं बाळा, दिसतंय का मला काही? पेढ्या, आ कर. आऽऽ कर!"

ती गेली. आता हे तुम्हाला का सांगितलं, ते कळेलच.

गुरुवारी सकाळी स्वरा शाळेत गेल्यावर मी पेढ्याची गादी झटकायला घेतली आणि टप्पकन काहीतरी फरशीवर पडलं. इवलंसं, पांढरं. तांदळाचा दाणा वाटला. उचलून बघते तर दात!

मी अशी किंचाळले की शेजारच्या कारखान्यातला लूम क्षणभर बंद पडल्यासारखा वाटला.

"आई! पडला! दात पडला!"

सासूबाई धावत आल्या. "कोनाचा?"

बघा, त्या माउलीने पहिला प्रश्न किती योग्य विचारला होता! पण मी कसली ऐकतेय? "कोणाचा म्हणजे? पेढ्याचा! त्याच्या गादीत सापडला! धरा त्याला, बघू दे."

सासूबाईंनी पेढ्याला पुढचे दोन्ही पाय धरून माझ्यासमोर उभा केला, लहान मुलाला फोटोसाठी उभं करतात तसा. मी गुडघ्यावर बसले, ओठ वर केला, डावीकडे टॉर्च मारला. एक दात! सुबक, एकटा, मोकळा! मी त्या कुत्र्याचा मुका घेतला. त्याने माझा घेतला. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "कांदा चिरलेला मघाशी."

मी दाताचा मोबाइलवर फोटो काढते न काढते तोच त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. "दात असा घरान ठेवतात का? उंदीरमामाला द्यावा लागतो."

"आई, तो माणसांच्या पोरांचा…"

"दात त दात!"

कौलं आमच्या घरावरून कधीच गेली, स्लॅब आला. पण गाडीच्या शेडवर पत्रा आहे. सासूबाई अंगणात उभ्या राहिल्या, पत्र्याकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उंदीरमामा, उंदीरमामा! कुत्र्याचा जुना दात घे नि नवा दे. कुत्र्याचाच दे हां, बलकट, हाडूक फोडनारा!"

टण्ण! दात पत्र्यावर.

मी दवाखान्यात फोन करून शनिवारचं ऑपरेशन रद्द केलं. तिकडची मुलगी म्हणाली, "तरी एकदा दाखवून जा मॅडम." म्हटलं, येतो की! मुद्दाम येतो. संदेश कामाला असतो त्या पूर्ण्याच्या गोदामात त्याला फोन लावला. तो शिफ्टच्या गडबडीत होता, म्हणाला, "कोणाचा दात?" सगळ्या घराला तोच प्रश्न कसा पडतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मग मी दाताचा फोटो स्टेटसला टाकला: "गाजराची कमाल! ऑपरेशनशिवाय पेढ्याचा दात पडला!" खाली तीन टाळ्या आणि एक हात जोडलेला.

स्टेटस टाकलं आणि मी दंततज्ज्ञ झाले.

शेजारच्या शबनमभाभी आल्या. त्यांच्याकडे सुलतान नावाचा पर्शियन बोका आहे. हा एवढा मोठा, चेहरा असा की जणू आपण त्याच्या घरात भाड्याने राहतो. "पल्लवी, सुलतान के मुँह से बहुत बू आती है. लार भी गिरती है. खाना सूँघके छोड़ देता है."

मी सुलतानचा ओठ वर केला. हिरड्या लालबुंद. माणसाने अशा वेळी म्हणावं, डॉक्टरांना दाखवा. पण मी माणूस कुठे राहिले होते? मी म्हणाले, "गाजर दो भाभी."

"बिल्ली गाजर खाती है?"

"आदत लगाओ."

सुलतानने गाजराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तो अपमान मी अजून विसरलेले नाही. शेवटी ठरलं, शनिवारी आमच्याबरोबर त्यालाही घेऊन जायचं. "तुम साथ रहोगी तो अच्छा है, तुमको सब मालूम है," भाभी म्हणाल्या. मी मान डोलावली. डोलावली म्हणजे, ताठच होती, थोडी हलवली.

शुक्रवारी नवस फेडला. सासूबाईंनी देवळात पाच नारळ फोडले आणि सगळ्या आळीत खोबरं वाटलं. विचारणाऱ्याला कारणही सांगितलं. आळीत आमची इभ्रत काय राहिली असेल, ती राहिली. स्वराच्या हातावर तुकडा ठेवला तर तिने पेढ्यापुढे धरला. "मला नको. चावत नाही."

"नखरे बघा हिचे," मी म्हणाले. "बघ पेढा कसा खातो!"

शनिवारी आमची वरात निघाली. मी, सासूबाई, पेढा, अर्ध्या दिवसाच्या शाळेतून आलेली स्वरा, शबनमभाभी आणि पिंजऱ्यात सुलतान. दवाखान्यात बाकं भरलेली. एका लॅब्रेडॉरवाल्या काकांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे काय तक्रार?" झालं! मी उभ्याउभ्या व्याख्यान दिलं. दुधाचे दात, नवे दात, चघळण्याचं महत्त्व, आईची नजर. "रोज तोंड उघडून बघायचं," मी म्हणाले. "आपणच लक्ष दिलं नाही तर ही मुकी लेकरं कोणाला सांगणार?" एका बाईंनी तर मोबाइलवर लिहून घेतलं.

आत गेलो. दार उघडंच राहिलं. का राहिलं, देव जाणे. पेढा टेबलावर. मी हात बांधून, शाबासकीची वाट बघत उभी.

डॉक्टरांनी ओठ वर केला.

"हं," म्हणाले.

"पडला ना डॉक्टर! गाजर…"

"ताई, कुठला पडला?"

"तो जास्तीचा! डावीकडचा!"

"डावीकडे दोन्ही आहेत."

"नाही हो, मी स्वतः बघितलं, डावीकडे एकच…" आणि मी टेबलाच्या पलीकडून, पेढ्याच्या अगदी समोरून, बोट दाखवलं.

डॉक्टर माझ्या बोटाकडे बघत राहिले. मग फार हळू आवाजात, एखाद्या आजारी माणसाशी बोलतात तसं, म्हणाले, "ताई, ही तुमची डावी बाजू. त्याची ही."

बाहेर बाकावर कोणीतरी खोकलं.

रोज मांडीत घ्यायचे तेव्हा त्याचं आणि माझं डावं एकाच बाजूला यायचं. गुरुवारी आईंनी समोरून धरला आणि माझी बॉटनी, डिग्री, सगळं उलटं झालं. पण हार मानेन ती मी कसली!

"मग गादीत सापडलेला दात? माझ्याकडे पुरावा आहे!" मी फोटो उघडून मोबाइल पुढे केला.

डॉक्टरांनी फोटो मोठा केला. बघितलं. मग पेढ्याकडे बघितलं. पिंजऱ्यातल्या सुलतानकडे बघितलं. सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी घाईने तोंडावर पदर धरला. शेवटी डॉक्टर खाली वाकले.

"बाळा, तुझं नाव काय?"

"स्वरा."

"स्वरा, आ कर बघू."

स्वराने आ केला.

खालच्या ओळीत, अगदी मध्ये, खिडकी! हवा येण्याजाण्याला मोकळी, गुलाबी, सुंदर खिडकी.

"सुळा टोकदार असतो ताई," डॉक्टर म्हणाले. "हा चपटा आहे. पुढचा. आणि कुत्र्याचा नाही."

लॅब्रेडॉरवाले काका दारात येऊन उभे होते. लिहून घेणाऱ्या बाईही. सगळेजण माझ्या मुलीच्या तोंडात वाकून बघत होते, एक सोडून. ती एक म्हणजे तिची आई.

"स्वरा! दात पडला तर सांगितलं का नाहीस?"

"मी दाखवायला आले होते, हलत होता तेव्हा. तू म्हणालीस थांब. मग तो पडला."

"आणि पेढ्याच्या गादीत कसा गेला?"

"मीच ठेवला. आजी म्हणते, जुना दात उंदीरमामाला द्यायचा, तो नवा देतो. आपल्याकडे उंदीर कुठे आहे? पेढ्याकडे एक जास्तीचा आहे ना, म्हणून मी माझा त्याला दिला. तो त्याचा मला देईल."

सांगा आता, यात कुठे चूक आहे? सगळ्या घरात तर्कशुद्ध विचार करणारं एकच माणूस, आणि ते पहिलीत!

तेवढ्यात मागून "आगो बाय माजे!" असा आवाज आला. सासूबाई मटकन स्टुलावर बसल्या होत्या. "म्हंजे मी तो पोरीचा दात फेकला? नि मागितला काय? कुत्र्याचा! हाडूक फोडनारा!"

"आई, असं काही नसतं हो…"

"तू गप ऱ्हा! डावा-उजवा कलत न्हाय, नि मना शिकवते!"

डॉक्टरांनी हसू दाबत त्यांची समजूत घातली. मुलीचा दात पडायच्या वयातच पडलाय, येईल तो माणसाचाच येईल. मग सुलतानला तपासलं. हिरड्यांचा आजार निघाला, मागच्या काही दाढा काढाव्या लागणार होत्या. "इतके दिवस काही दिलंत का?" त्यांनी विचारलं. मी छताकडे बघितलं. शबनमभाभी भल्या बाई, डॉक्टरांसमोर काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पल्लवी, तुम्हारी गाजर का मैंने हलवा बना दिया. अच्छा बना."

पेढ्याचं ऑपरेशन तरी त्याच दिवशी उरकावं, तर तेही नाही. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, आणि आम्ही आनंदाच्या भरात सकाळी त्याला दूध-भाकरी चारून आणलेला. सोमवारवर गेलं.

"नि नारल? फोडले ते?" रिक्षात सासूबाई अचानक म्हणाल्या.

"ते आगाऊ समजा आई."

त्यांनी थोडा विचार केला. "बरा झाला. देवी आगाऊ घेतलेला काम अर्धा सोडत न्हाय."

सोमवारी पेढ्याला उपाशी नेलं. त्याला आत घेतलं आणि दार बंद झालं. इतके दिवस "मना काय त्याचा" करणाऱ्या बाईंनी त्याचा पट्टा दोन्ही हातांत घट्ट धरला होता. इतका वेळ आम्ही दोघी न भांडता शेजारी बसलोय, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असेल. माझ्या डोक्यात इंटरनेटवर वाचलेलं सगळं फिरत होतं. आतून काहीच आवाज येत नव्हता, आणि पेढ्याच्या बाबतीत शांतता ही चांगली खूण कधीच नसते.

मग दार उघडलं. मदतनीस मुलीच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला पेढा. जीभ एका बाजूला, डोळे अर्धे मिटलेले, मान लटपटतेय. सासूबाईंनी हळूच हाक मारली, "पेढ्या?" शेपटीचं टोक हललं. एवढंसंच. पण हललं.

"कांदा न्हाय आनलेला," सासूबाई डोळे पुसत स्वतःच म्हणाल्या.

डॉक्टरांनी छोट्या बाटलीत दात दिला. अहो, बाहेर दिसत होता तो इवलासा, पण मूळ केवढं लांब! तो गाजराने पडणार होता म्हणे! डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर मऊ खायला द्या. कडक काही नाही."

"गाजर…"

"गाजर तर नाहीच. आणि रोज तोंड उघडून बघत जा."

"पेढ्याचं ना?"

"दोघांचं," डॉक्टर म्हणाले.

घरी आलो तर शबनमभाभींकडे ठेवलेली स्वरा दारातच. बाटली बघून तिने आ केला आणि बोटाने खिडकी दाखवली. "लाव ना आई, बसतोय का बघू!" सासूबाईंनी बाटली तिच्या हातून अशी हिसकावली की जणू त्यात विंचू होता. तडक अंगणात गेल्या. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे स्वरा, तिच्यामागे झोकांड्या खात पेढा. कुंपणापलीकडे शबनमभाभी कपडे वाळत घालत होत्या, त्याही थांबल्या.

सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. पत्र्याला हात जोडले.

"उंदीरमामा, गुरुवारी दिला तो माज्या नातीचा दात व्हता. हा आज देते तो कुत्र्याचा. तिला मानसाचा दे. ह्याला काय नको, ह्याच्याकडं हाय."

टण्ण!

वळल्या, दोन पावलं आल्या, माझ्याकडे नखशिखांत बघितलं. मग काहीतरी राहून गेल्यासारख्या परत पत्र्याकडे फिरल्या आणि अगदी अजिजीने म्हणाल्या, "नि मामा, राग धरू नको. आमची सून शिकलेली हाय, जरा सांभालून घे."